कागद लोकांचे, चावी कोणाकडे?

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे दिवस आले की पातूरमधल्या संस्थांच्या कार्यालयांत तेच चालतं. पोरांचं आधार कार्ड, बापाचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक. सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढायचे आणि अकोल्याच्या कारकुनाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर वाटेत कुलूप असतं, हे खरं. पण पोचलेला कागद त्या कारकुनाच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये, लग्नाच्या फोटोंशेजारी पडून राहतो. तो नोकरी सोडून गेला की कागदही त्याच्यासोबत गेले. याला आपण अमानत सांभाळणं म्हणायचं का?

दोन गावांत कार्यालयं असलेल्या प्रत्येक शाळेनं, पतसंस्थेनं आपल्या दोन राउटरांमध्ये व्हीपीएन जोडून घ्यावं, असं माझं मत आहे. मी हेच काम करतो, त्यामुळे धंद्याची जाहिरात समजा हवं तर.

यात पातूरचं राउटर अकोल्याकडे जाणारा डेटा कुलूपबंद करतं आणि तिकडचं राउटर तो उघडतं. मधल्या इंटरनेट कंपनीला दोन टोकं आणि किती डेटा गेला एवढंच दिसतं. कागद कोणाच्याही मोबाईलवर न जाता अकोल्याच्या एका संगणकावर राहतात आणि कोणी कोणती फाईल उघडली याची नोंद ठेवता येते. वायरगार्ड यासाठी फुकट मिळतं. मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे. जुनं आयपीसेकही चालतं, फक्त मांडायला किचकट.

अडतं ते साध्या गोष्टींवर. खोक्यातून काढलेल्या राउटरवर बहुतेकदा दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच मालिका असते. एका बाजूची बदलली नाही तर जोडणी झालेली दिसते, पण फाईल काही उघडत नाही. शिवाय निदान एका टोकाला बाहेरून सापडेल असा स्थिर आयपी पत्ता घ्या.

दुसरी अडचण मनातली. व्हीपीएन म्हटलं की आपल्याकडचे वडीलधारे दचकतात. "आपल्या पोरांनी हे कशाला करावं? उद्या पोलिसांनी विचारलं तर?" ही भीती हवेतून आलेली नाही, म्हणून तिला हसू नका. पण माहिती पुरी द्या. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इननं ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं ते लोकांना व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांना. कार्यालयांचं अंतर्गत व्हीपीएन त्यात येत नाही, असा खुलासा नंतर त्यांनीच केला. बँकांच्या शाखा अशाच खाजगी जाळ्यांनी जोडलेल्या असतात. आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलंय. तो काही एका समाजाला सोडून दिलेला नाही.

मात्र खोटी आशाही नको. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात इंटरनेट बंद झालं, तसं पुन्हा झालं तर हे जाळंही बंद पडेल. ते इंटरनेटवरूनच जातं. तेवढ्यासाठी महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत पातूरलाही ठेवा, कुलूप लावून.

आणि चावी. खाजगी चावी ज्या राउटरवर बनली तिथून बाहेर निघता कामा नये. तीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारे मी पाहिलेत. आपल्या संस्थांत हे सगळं एका हुशार पोराच्या डोक्यात असतं आणि तो पुण्याला नोकरीला लागतो. तो निघाला त्याच आठवड्यात चाव्यांच्या नव्या जोड्या करा, जुन्या काढून टाका, राउटरचा पासवर्ड बदला. अर्ध्या तासाचं काम आहे. ते कोणी करायचं हे कार्यकारिणीनं ठरावात नावानिशी लिहावं. माझ्या पाहण्यात असा ठराव अजून एकाच संस्थेनं केलाय, तोही सचिवबाईंनी हट्ट धरला म्हणून.