कला शाखेला गणित कोणी नाकारले?

बालभारतीचे अकरावीचे एक पुस्तक आहे. 'गणित आणि संख्याशास्त्र' असे त्याचे नाव, आणि नावाखाली 'कला व विज्ञान' असे छापलेले. ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते माझ्या हाती लागले तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विज्ञान ठीक आहे, पण कला? म्हणजे मी अकरावीला असताना हे पुस्तक माझेही होते! आणि ही गोष्ट मला दोन वर्षांत कोणी सांगितली नव्हती. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की त्यात छपाईची चूक काही नाही. बोर्डाच्या योजनेत कला शाखेच्या विद्यार्थ्याला गणित हा ऐच्छिक विषय घेता येतो आणि बारावीला त्याची परीक्षाही देता येते. फक्त तो विषय शिकवणारा वर्ग आपल्या भागात सहसा नसतो.

दहावीला मला गणितात १०० पैकी ८१ गुण होते. बढाई म्हणून सांगत नाही, पुढच्या हकिकतीला तो आकडा लागतो. घरची दीड एकर द्राक्षबाग, थोरला भाऊ डिप्लोमाला. दोघांचा खर्च एका बागेतून निघणार नाही, हे घरात कोणाला बोलून दाखवावे लागले नाही. वास्तविक मुलींना अनुदानित तुकडीत बारावीपर्यंत फी माफ आहे, एस.टी.चा पासही मोफत आहे. परंतु विज्ञान म्हटले की शिकवणी आली, सीईटीचा क्लास आला, आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर पोरीने काय करायचे हा आईचा प्रश्न आला. त्याला कोणतीच सवलत लागू होत नाही. तेव्हा कला शाखा ठरली.

प्रवेशाच्या दिवशी मी टेबलापाशी भीतभीत विचारले, "आर्ट्सला गणित घेता येईल का हो?" त्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "अगं बाई, गणित नको म्हणून तर पोरं आर्ट्सला येतात!" रांगेतले सगळे हसले, मीही हसले. त्या कनिष्ठ महाविद्यालयाचे नाव मी घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण पंचक्रोशीत दुसरीकडे विचारले असते तरी बहुधा तेच उत्तर मिळाले असते. ते गृहस्थ माणूस म्हणून चांगले होते. पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी त्यांनीच मला दोनदा मदत केली. मात्र त्या एका वाक्याने माझे केवढे नुकसान झाले याची त्यांना कल्पना नव्हती, आणि मलाही नव्हती.

ती आली अर्थशास्त्राच्या तासाला. सर फळ्यावर वक्र काढतात आणि सांगतात की सीमांत खर्च म्हणजे एकूण खर्चाच्या वक्राचा उतार. आता वाकड्या रेषेचा उतार कसा काढायचा? सरळ रेषेचा मला काढता येतो. हा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "त्याला कलन लागतं. तुमच्या अभ्यासक्रमात नाही. तेवढं पाठ करा." मी पाठ केले. सरासरी खर्च सर्वांत कमी असतो तिथे सीमांत खर्च त्याला छेदतो, हेही पाठ केले. परीक्षेत गुण मिळाले. पण पाठ केलेले आणि समजलेले यांत फरक असतो, आणि तो ज्याचा त्याला आतून ठाऊक असतो. गंमत अशी की त्या जुन्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात शेवटचे प्रकरण त्याच विषयाचे आहे. सोळाव्या वर्षी जे सहज शिकता आले असते, ते विसाव्या वर्षी मला चोरून शिकावे लागत आहे.

ही अडचण माझ्या एकटीच्या समजुतीपुरती असती तर मी हा लेख लिहिला नसता. दिल्ली विद्यापीठात बी.ए. (ऑनर्स) अर्थशास्त्राला जायचे तर बारावीपर्यंत गणित असावे लागते. आपल्या बारावी कलाच्या मुलामुलींनी ९० टक्के गुण मिळवले तरी त्या दारातून आत जाता येत नाही. पुढे एम.ए. करून संशोधनाकडे वळावे म्हटले तर चांगल्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षांत गणित आणि संख्याशास्त्र दत्त म्हणून उभे असते. म्हणजे कुंडलच्या मुलीला शेतीचे अर्थशास्त्र शिकायचे असेल, आपल्याच ऊसदराचा आणि बेदाण्याच्या भावाचा अभ्यास करायचा असेल, तर त्याचा निकाल पंधराव्या वर्षी, एका टेबलापाशी, अर्ध्या मिनिटात लागून गेलेला असतो. ज्यांच्या मांडणीवर आपले पाठ्यपुस्तक उभे आहे ते आल्फ्रेड मार्शल स्वतः केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत १८६५ साली दुसरे आले होते. आपल्याकडे लोकमान्य टिळक बी.ए. झाले ते गणित घेऊन. महर्षी कर्वे फर्ग्युसनमध्ये गणितच शिकवीत. कला आणि गणित यांची फारकत ही काही सनातन गोष्ट नव्हे. ती आपल्या वेळापत्रकांनी केली आहे.

आता कोणी म्हणेल की खेड्यातल्या मुलांना हे झेपणार आहे का? या प्रश्नाचा मला राग येतो, पण रागाने उत्तर होत नाही, म्हणून आमच्या बागेतले उदाहरण देते. द्राक्षाचे घड जी.ए.च्या द्रावणात बुडवतात हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम पावडर म्हणजे दहा पीपीएम. दोनशे लिटरच्या पिंपात चाळीस पीपीएम करायचे तर आठ ग्रॅम. पिंपातले पाणी निम्म्यावर आले आणि ताकद वाढवायची असली की पुन्हा नवा हिशेब. चुकला तर वर्षभराची बाग गेली. माझी आई सातवी शिकलेली आहे. हा हिशेब ती उभ्या उभ्या तोंडी करते आणि मजूर बायकांना सांगते. तिला प्रमाण आणि तीव्रता हे शब्द येत नाहीत, एवढेच.

आपल्या गावाला हे नवे नाही. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना घातला, आणि जागा दिली औंधच्या संस्थानिकांनी. पुढे स्टेशनाचे नावही बदलले. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे तिथे आली आणि लेथवर उभी राहून मोजमाप शिकली. त्याच कारखान्याचे नांगर काही काळ विकणारे भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज. बहुजनांच्या मुलाला अक्षरओळख झाली की पुरे, असे त्यांनी मानले नाही. (प्रतिसरकारवरचा लेख या अंकात दुसऱ्या कोणीतरी लिहिलाच असेल, तो दरवर्षी असतो. म्हणून त्या वाटेला मी जात नाही.) महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे तक्रार मांडली होती की सरकारी महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थरालाच मिळतो. शाळा तेव्हा नव्हत्या, आज आहेत. आज प्रश्न शाळेच्या आतला आहे. एकाच इमारतीत कोणाला काय शिकायला मिळते, हा.

१९७५ साली नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली, आणि अकरावी-बारावी ही मधली पायरी आपल्या वाट्याला आली. या दोन वर्षांकडे आपण फार दुर्लक्ष करतो. शहरात ती दोन वर्षे क्लासवाल्यांची, खेड्यात ती कोणाचीच नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत काढावी असे म्हटले आहे. विषय दोन पातळ्यांवर शिकवावेत, सुरुवात गणितापासून करावी, अशीही सूचना आहे. ऐकायला छान आहे. परंतु जिथे एकच पातळी शिकवली जाणार तिथे दुसरी निवडायची कुठून? मला भीती अशी वाटते की वरची पातळी सांगली-कोल्हापुरात राहील आणि खालची आमच्याकडे येईल, तीही आम्ही स्वतः निवडली असे म्हणून. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात असे सुचवले गेले की दहावीला गणित-विज्ञानात २० गुण असले तरी मुलाला अकरावीत जाऊ द्यावे, मात्र पुढे ते विषय घेता येणार नाहीत असा शेरा द्यावा. नापासाचा शिक्का टळतो, ही दया खरीच आहे. पण एक दार उघडताना दुसऱ्याला कुलूप घालायची काय गरज, हे मला कळलेले नाही. पंधराव्या वर्षी गणितात मागे असलेला मुलगा सतराव्या वर्षीही मागेच असणार, असे आपण कशावरून ठरवतो?

अमेरिकेतली एक हकिकत मी वाचली ती सांगते. तिकडे शाळेतच महाविद्यालयीन दर्जाचे विषय शिकवून त्यांची परीक्षा घेण्याची पद्धत आहे. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात, गरीब मेक्सिकन वस्तीतल्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये हायमे एस्कलांते नावाचे बोलिव्हियाहून आलेले शिक्षक होते. त्यांनी अशा मुलांना कलन शिकवायला घेतले. १९८२ साली त्यांचे अठरा विद्यार्थी परीक्षेला बसले आणि सगळे पास झाले. तेव्हा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला संशय आला! चौदा जणांच्या उत्तरपत्रिकांवर आक्षेप घेतला गेला. त्यांपैकी बारा जण पुन्हा बसले आणि बाराही पुन्हा पास झाले. त्यावर पुढे सिनेमाही निघाला. मला त्या बारा जणांपेक्षा जास्त आठवतो तो संशय. आमच्याकडे तो परीक्षेनंतर येत नाही, प्रवेशाच्या रांगेतच येतो.

आपल्या प्राध्यापकांच्या अडचणी मला माहीत नाहीत असे नाही. विषय सुरू करायचा तर मंजुरी हवी. पुरेशी मुले नसली तर तो टिकत नाही, कार्यभार भरत नाही, शिक्षक मिळत नाही. मुले म्हणतात विषय नाही म्हणून घेत नाही, आणि संस्था म्हणते मुले घेत नाहीत म्हणून विषय नाही. शिवाय निकाल पडेल ही धास्ती. आम्हा विद्यार्थ्यांचाही दोष आहे. आपल्यापैकी निम्मे तरी कला शाखेत सकाळचे तास संपवून शेतावर किंवा कामावर जाता येते म्हणून आले, आणि सोपे विषय कोणते याची यादी आपण प्रवेशाआधीच पाठ केलेली असते. मी स्वतः ती यादी केली होती. म्हणून गणित सर्वांवर लादा असे मी म्हणत नाही. ज्याला हवे त्याला ते मिळावे, एवढेच म्हणते. जिथे कला आणि विज्ञान एकाच आवारात आहेत तिथे तर नवा शिक्षकही नको. विज्ञानाचा गणिताचा तास चालू असतो तेव्हा कलेचा इतिहासाचा तास ठेवू नये, म्हणजे झाले. दहा मुले त्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसतील. विज्ञानाचे शिकवणे इंग्रजीत चालते, त्यामुळे पहिले दोन महिने त्यांना मराठीतून हात द्यावा लागेल. जिथे विज्ञान नाही तिथे शेजारच्या कॉलेजच्या सरांना आठवड्यातून दोन दिवस बोलावता येईल. अमुक टक्के असतील त्यालाच बसू देऊ, ही अट मात्र घालू नये. ८१ वालीला जे हसतात ते ४५ वाल्याला काय म्हणतील?

गेल्या दिवाळीपासून आम्ही तिघीजणी रविवारी दुपारी ते जुने पुस्तक घेऊन बसतो. पहिले प्रकरण कोन आणि त्याचे मापन. एक मैत्रीण इतिहासाची आहे, तिला परीक्षेत याचा काडीचा उपयोग नाही, तरी ती येते. मर्यादा या प्रकरणाशी आम्ही सध्या अडलो आहोत. कोणी प्राध्यापकांनी एखाद्या रविवारी तासभर दिला तर उपकार होतील. चहा आमच्याकडून.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्यात शाखा मिळते, महाविद्यालय मिळते. विषय मात्र तिथे जे शिकवले जातात त्यांतूनच घ्यायचे असतात. माझी धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. तीही कलेलाच जाणार, कारण शेवटची गाडी अजून त्याच वेळेला सुटते. ते पुस्तक मी तिला दाखवले आहे. प्रवेशाच्या दिवशी ती ते सोबत घेऊन जाणार आहे आणि टेबलावर ठेवून, मुखपृष्ठावर बोट ठेवून विचारणार आहे. मी तिच्या मागे उभी राहीन.