पायरी सुटते तेव्हा

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर युद्धाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. सणासुदीला अभद्र बोलू नये, हे खरेच. पण कोसळलेल्या इमारतींची दृश्ये जेवता जेवता पाहण्याची सवय घरोघरी लागत असताना गप्प बसण्यातही काही शुभ नाही. दुसऱ्या महायुद्धात सहा ते आठ कोटी माणसे मेली आणि त्यांत सैनिकांपेक्षा साधे नागरिक अधिक होते. या संहाराचे खापर आपण एका माथेफिरू हुकूमशहावर फोडतो आणि मोकळे होतो. ते तिथे फुटायलाच हवे, पण तेवढ्याने सगळा उलगडा होत नाही. त्या सहा वर्षांत शहरांवर बाँब टाकण्याची रीत कशी वाढत गेली हे पाहिले, तर लोकशाही मानणारी राष्ट्रेही, जे करणार नाही म्हणून त्यांनी जगाला सांगितले होते, तेच करून बसलेली दिसतात. आणि तिथवर जाताना प्रत्येक पायरीवर त्यांच्याकडे पटण्याजोगे कारण होते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध पेटले त्याच दिवशी, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धात उतरणाऱ्या देशांना आवाहन केले की, नागरी वस्तीवर विमानांतून बाँब टाकू नका. ब्रिटनने ते मान्य केले, हिटलरनेही तोंडदेखला होकार दिला. त्या महिन्याच्या अखेरीला वॉर्सा जळत होते. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख केला आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश मंत्रिमंडळाने ऱ्हाईनपलीकडच्या जर्मन उद्योगांवर हल्ले करायला मुभा दिली. लक्ष्य अजून कारखानेच होते. पण ऑगस्ट १९४१ मधल्या एका सरकारी पाहणीत उघड झाले की, लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी तिनांतले जेमतेम एक लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचले होते. रात्रीच्या अंधारात कारखाना सापडत नव्हता, शहर मात्र सापडत होते. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने मग हिशेबच बदलला. शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य हेच लक्ष्य ठरले. नेम लागत नाही म्हणून नेमाची व्याख्याच रुंदावली गेली. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गला उठलेल्या आगीच्या वादळात तळघरांत लपलेली माणसे आगीतून निघालेल्या विषारी वायूने गुदमरून गेली. त्या मोहिमेत सुमारे ३७ हजार माणसे मेली.

त्याच वर्षी अमेरिकेत युटाच्या वाळवंटात डगवे इथे लष्कराने जर्मन आणि जपानी घरांच्या हुबेहूब प्रतिकृती उभारल्या. जपानी घरांचा आराखडा, जपानमध्ये अनेक वर्षे काम केलेल्या अंतोनिन रेमंड या वास्तुविशारदाकडून करून घेतला. जमिनीवर तातामी चटया अंथरल्या होत्या. कोणता आग्या बाँब छपरातून खाली येऊन घर किती लवकर पेटवतो, याची तिथे पुन्हा पुन्हा चाचणी झाली. शहरावरचा बाँब चुकून घरावर पडतो, ही समजूत या चटयांपुढे टिकत नाही. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोच्या दाट लाकडी वस्तीवर हेच ज्ञान वापरले गेले आणि एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. अध्यक्ष तेव्हाही रूझवेल्टच होते. पुढच्या पाच महिन्यांत साठाहून अधिक जपानी शहरे जळाली. हिरोशिमाचा बाँब नवा होता, पण शहर जाळायची परवानगी एव्हाना जुनी झाली होती.

यावर पहिला आक्षेप असा की, हे नाझी आणि दोस्त राष्ट्रे यांना एकाच तराजूत तोलणे झाले. तसे ते नाही. शरणागती आली की दोस्तांचे बाँब थांबत. ज्यूंना शरण जाण्याचीही सोय नव्हती. १९४४ च्या मे ते जुलै या काळात, आघाडीवर रेल्वेची निकड असतानाही, हंगेरीतून सव्वाचार लाखांहून अधिक ज्यूंना गाड्यांत कोंबून नेण्यात आले, बहुतेकांना ऑश्विट्झला. तिथे माणसे मारणे हाच हेतू होता. हा फरक पुसता येत नाही, पण त्याच्या आड टोकियोही झाकता येत नाही. दुसरा आक्षेप म्हणजे बाँबफेकीने युद्ध लवकर संपले. तेलशुद्धीकरण केंद्रांवरच्या आणि रेल्वेमार्गांवरच्या हल्ल्यांनी जर्मनी खिळखिळी झाली, हे मान्य. मात्र शहरे जळत असतानाही जर्मनीचे शस्त्रउत्पादन १९४४ च्या मध्यापर्यंत वाढतच राहिले. आणि बाँबखाली जनता मोडत नाही, हे लंडनने स्वतःच १९४० मध्ये दाखवून दिले होते. तिसरा आक्षेप, आजच्या फूटपट्टीने कालची मापे काढू नयेत. पण ९ फेब्रुवारी १९४४ रोजी, ऐन युद्धात, बिशप जॉर्ज बेल यांनी ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहात शहरांवरच्या या हल्ल्यांबद्दल सरकारला जाब विचारला होता. फूटपट्टी तेव्हाही होती, ती बाजूला ठेवली गेली.

युद्धात असे चालायचेच, हा चौथा आक्षेप सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक आहे. दोन्ही बाजूंच्या कोठारांत विषारी वायू भरलेला होता, तरी युरोपच्या रणांगणावर तो सोडला गेला नाही. प्रत्युत्तराच्या धाकाने का होईना, ती मर्यादा सहा वर्षे टिकली. मर्यादा पाळणे अशक्य नव्हते, इतकाच याचा अर्थ. शहरे जाळल्याबद्दल न्युरेंबर्गमध्ये कोणाला शिक्षा झाली नाही, कारण तो आरोप लावणाऱ्यांवरही उलटला असता. अख्खे शहर एकच लक्ष्य मानून भाजून काढण्यास स्पष्ट बंदी घालणारा जिनिव्हा करारांना जोडलेला पूरक करार १९७७ मध्ये आला. भारत त्यात आजही सामील नाही, अमेरिकेने सही करूनही तो मंजूर केलेला नाही.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. कोणत्याही युद्धात, आपल्या आवडत्या बाजूने का असेना, ‘या वेळी परिस्थितीच वेगळी आहे’ असे म्हणत नागरी वस्तीवरचा पहिला हल्ला समर्थनीय ठरवला जाईल, तेव्हाच प्रश्न विचारा. दहाव्या हल्ल्यानंतर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज कोणत्याच सरकारला वाटत नाही.