‘प्रोमिथिअस’ आणि हेल्मेट काढणारे शास्त्रज्ञ

रिडली स्कॉटचा ‘प्रोमिथिअस’ (२०१२) वाईट सिनेमा नाही. बरा आहे. आणि ‘बरा आहे’ म्हटलं की भक्त जास्त चिडतात. ‘तुला खोली कळली नाही’, ‘सगळी उत्तरं ताटात वाढून हवीत का?’ वगैरे. अहो, उत्तरं मला नकोच आहेत! १९७९च्या ‘एलियन’मध्ये त्या पडक्या यानातल्या खुर्चीला चिकटलेला अवाढव्य सांगाडा कोणाचा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. त्या न सांगण्यावर लोकांची ३३ वर्षं मजेत गेली.

माझी तक्रार वेगळी आहे. या सिनेमाला शास्त्रज्ञ कसा वागतो हेच ठाऊक नाही.

‘एलियन’ आठवा. नॉस्ट्रोमो म्हणजे अंतराळातला मालट्रक. त्यावरची माणसं बोनसवरून कुरकुरणारी. केनच्या तोंडाला ते जनावर चिकटलंय, कॅप्टन दाराबाहेरून हुकूम सोडतोय, तरी रिप्ली ठाम: क्वारंटाइनचा नियम आहे, २४ तास, दार उघडणार नाही. उघडतो तो अ‍ॅश, कंपनीने पेरलेला. पुढचं सगळं अरिष्ट तिथून.

आता इकडे या. कंपनीने एक लाख कोटी डॉलर ओतून निवडक विद्वान नेलेत. परक्या ग्रहावर हे लोक हवा श्वास घेण्याजोगी दिसली की हेल्मेट काढतात. जंतूबिंतू गेले उडत. बोगद्यांचा नकाशा करणारी यंत्रं ज्याने सोडली तोच भूशास्त्रज्ञ वाट चुकतो. मेलेल्या परग्रहवासीयाला घाबरून पळालेला जीवशास्त्रज्ञ जिवंत सापासारख्या प्राण्याला गोंजारायला जातो. क्वारंटाइन पाळते एकटी विकर्स, कंपनीची बाई, आणि तिलाच सिनेमा खडूस ठरवून शेवटी गडगडत्या यानाखाली चिरडतो. (बाजूला पळाली असती तर वाचली असती, पण ते जाऊ दे.)

‘सिनेमा आहे, एंजॉय कर ना’ लिहायला येणाऱ्यांनी एक प्रसंग परत बघावा. माणसाला परग्रहवासीयांनी घडवलं, असं डॉ. शॉ सांगते. जीवशास्त्रज्ञ म्हणतो, पुरावा? ती म्हणते, मी तसं मानायचं ठरवलंय. झालं! आणि सिनेमा तिच्या बाजूने. पुष्पक विमानाच्या फॉरवर्डखाली आपल्याकडचे काका हेच म्हणतात, पण त्यांना निदान कोणी यानात बसवून पाठवत नाही. इथे पुरावा मागणारा विनोदी ठरतो आणि न देणारी नायिका. पोरं हे ‘सायन्स फिक्शन’ म्हणून बघतात, मला खुपतं ते तिथे.

मायकल फासबेंडरचा डेव्हिड मात्र अप्रतिम. सुरुवातीचा आइसलँडचा धबधबाही. त्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल, नाही कोण म्हणतंय?

सिनेमाने जगभरात ४० कोटी डॉलर कमावले, त्यामुळे आमची कुरकुर कुठे पोचणार होती! २०१७ला ‘एलियन: कव्हेनंट’ आला. त्यात अनोळखी ग्रहावर उतरताना हेल्मेट काढायची वेळच आली नाही. कोणी घातलंच नव्हतं.