फ्यूजच्या झाकणाला चामडं कशाला?



गेल्या रविवारी भाचा लॅपटॉप काखोटीला मारून आला आणि म्हणाला, "आत्या, तू बी.कॉम. आहेस. जरा हा हिशेब बघ." मला वाटलं कारखान्याचं काही असेल. उघडलं तर गाडी निघाली. पोर्शे 911. दोन दारांची, आणि मागच्या सीटवर शाळेचं दप्तर मावेल एवढीच जागा.

गाडी घ्यावी की न घ्यावी, यावर मी आज लिहीत नाही. तो वाद घरात तीन महिने चालला आणि मी हरले. माझा भाऊ गेल्यावर या पोरानं मशीन शॉप एकट्यानं उभं ठेवलं, कर्ज फेडलं, कामगारांचा एकही पगार चुकवला नाही. पन्नाशीच्या आत एक हौस करायची म्हणतो, तर करू दे. माझं भांडण त्याच्या पुढच्या पायरीशी आहे. ही गाडी शोरूममधून उचलून आणायची नसते. आधी यादी भरायची, मग जर्मनीत श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझनच्या कारखान्यात ती त्या यादीप्रमाणे तयार होते. आणि ती यादी! आमच्या लग्नाच्या बस्त्याची यादी तिच्यापुढे काहीच नाही. रंग, चाकं, सीटा, दिवे, ब्रेक, शिवणीच्या दोऱ्याचा रंग, पट्ट्याचा रंग, चाकाच्या मधल्या टोपणाचा रंग.

घरात जो तो एकच वाक्य म्हणतो. "एवढी घेतोयस तर फुल्ल ऑप्शन घे, विकताना किंमत येते." धाकटे दीर म्हणाले, जावई म्हणाले, गाडीतलं ओ की ठो न कळणारी माझी चुलत नणंदही म्हणाली. हे वाक्य साफ खोटं आहे, आणि ते खोटं का, हे आकड्यांत मांडते.

बाहेरून तयार आणलेल्या, 40,000 डॉलरहून महाग गाडीवर 2025 अखेरच्या दरांनी 70 टक्के सीमाशुल्क आणि वर 40 टक्के कृषी उपकर, मिळून 110 टक्के. म्हणजे 100 रुपयांचे झाले 210. त्या 210 वर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी, म्हणजे 84. एकूण 294. विक्रेत्याचा नफा, आरटीओचा कर, विमा हे सगळं यानंतर. कारखान्यात गाडीला चिकटवलेली प्रत्येक वस्तू गाडीचाच भाग होते आणि तिला गाडीचाच दर लागतो. तिकडे 1 लाखाची असलेली चैन आपल्या दारात जवळजवळ 3 लाखांची होऊन उतरते. "कंपनीच्या नावावर घेऊ, जीएसटी सुटेल," असं जावयांनी सुचवलं. सुटत नाही. साध्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कारखानदाराला मिळत नाही. टॅक्सीवाला असता तर गोष्ट वेगळी.

आता विक्रीचं बघू. विम्याचा घसाऱ्याचा तक्ता कुणीही काढून बघा. सहा महिन्यांच्या आत 5 टक्के, वर्षाच्या आत 15, दुसऱ्या वर्षी 20, तिसऱ्या वर्षी 30, चौथ्या वर्षी 40, पाचव्या वर्षी 50. जी वस्तू 100 ची 294 करून घेतली, तीही याच तक्त्यानं खाली येणार. आणि जुनी गाडी घ्यायला येणारा माणूस काय विचारतो? किती किलोमीटर चालली, कुठं ठोकली, सर्व्हिस कुठं केली. शिवणीच्या दोऱ्याचे वेगळे पैसे तो देईल का? मी देणार नाही, तुम्हीही देणार नाही.

"मग काहीच घेऊ नको म्हणतेस?" भाचा जरा रुसलाच.

तसं नाही. मी त्याला एकच विचारलं, की ही वस्तू नंतर बसवता येते का, आणि तिचा उपयोग गाडीत बसणाऱ्याला किंवा आपल्या रस्त्याला आहे का. दोन्हींचं उत्तर मनासारखं आलं तर बिनधास्त घे, महाग असली तरी घे. तीन तास आम्ही एकेक ओळ तपासत बसलो, मध्ये दोनदा चहा झाला.

पहिल्यांदा टिकली ती पुढचा भाग उचलणारी यंत्रणा. बटण दाबलं की गाडीचं नाक साधारण 40 मिलिमीटर वर येतं. ज्या जागी एकदा उचललं ती जागा गाडी लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी आपणहून उचलते. जर्मनीत ही चैन असेल, आमच्या कॉलनीच्या तोंडावरच्या स्पीडब्रेकरला ती गरज आहे. तो स्पीडब्रेकर कुणी घातला देव जाणे, रिक्षासुद्धा त्यावर तिरकी घालावी लागते. ही यंत्रणा गाडी आल्यावर कुणी बसवून देत नाही. तिच्यावर मी स्वतः खूण केली.

तोच न्याय चाकांना लावला आणि तिथं पैसे वाचले. मूळ गाडीला पुढं 19 आणि मागं 20 इंची चाकं येतात. भाच्याला 20 आणि 21 ची हवी होती, कारण फोटोत बरी दिसतात. चाक मोठं म्हणजे टायरची उभी भिंत बारीक, आणि खड्ड्यात आदळलं की मार थेट रिमला. स्टेपनी या गाडीत नाहीच, पंक्चर बुजवायची बाटली असते. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर पावसाळ्यात रात्री बाटली हातात घेऊन उभा राहणार का, असं विचारल्यावर त्यानं मुकाट्यानं लहान चाकांवर टिक केली. गाडी 10 मिलिमीटर आणखी खाली बसवणारं सस्पेन्शनही यादीत होतं. आधी पैसे देऊन गाडी खाली बसवायची आणि मग पैसे देऊन नाक उचलायचं! ते गेलं.

मागची चाकंही वळणारी सोय मला आधी थोतांड वाटली. पण वाचल्यावर पटली. हळू चालताना मागची चाकं पुढच्यांच्या उलट दिशेला किंचित वळतात, म्हणून गाडी कमी जागेत फिरते. वेगात असताना ती त्याच दिशेला वळतात, म्हणून गाडी स्थिर राहते. आंबा घाटात आणि आमच्या बोळात, दोन्हीकडे कामाची. नंतर बसवता येत नाही. चांगले दिवेही असेच, घाटात रात्री उतरलेल्या माणसाला त्यांचं मोल सांगावं लागत नाही.

स्पोर्ट क्रोनो नावाच्या पॅकेजनं डॅशबोर्डवर एक घड्याळ येतं आणि 0 ते 100 चा वेग गाठायला 0.2 सेकंद कमी लागतात. दोन दशांश सेकंदात माझ्या हातून कुकरची शिट्टीसुद्धा निघत नाही. त्यात इंजिनाचे खास माउंटही येतात हे खरं, वळणावर फरक पडतो म्हणे. ते मी त्याच्यावर सोडलं. सिरॅमिक ब्रेक मात्र सोडले नाहीत. लोखंडी डिस्कच्या निम्म्या वजनाचे, पिवळे, रेस ट्रॅकवर तापले तरी न दमणारे. तू ट्रॅकवर किती वेळा जाणार? "वर्षातून एकदा." मग एका दिवसासाठी वर्षभर पिवळा रंग मिरवायचा आहे, असं स्पष्ट म्हण की. चाकाची रंगीत टोपणं नंतर सुटी मिळतात, ती आज कारखान्यात बसवून तिप्पट दर देण्यात काय शहाणपण? आणि मागचं मॉडेलचं नाव काढून टाकायला पैसे पडत नाहीत. अख्ख्या यादीतला हा एकच पर्याय मला मनापासून आवडला.

इथवर हिशेब होता. पुढचं नुसत्या हिशेबाचं नाही.

यादीचा अर्धा भाग चामड्याचा. सीटा समजल्या. पण एसीच्या जाळीच्या पट्ट्यांना चामडं, स्टिअरिंगच्या दांड्याच्या आवरणाला चामडं, सनव्हायझरला चामडं, किल्लीला चामड्याची पिशवी, माहितीपुस्तकाला चामड्याचं पाकीट. आणि या गाडीच्या याद्यांत फ्यूजच्या डब्याच्या झाकणालाही चामडं मिळत आलंय. फ्यूज उडेल तेव्हाच जे झाकण दिसणार, त्याच्यासाठी एक जनावर! जितकं चामडं जास्त तितकी गाडी उंची, हे कुणी ठरवलं? आपणही ते निमूट मानतो, "फुल्ल लेदर आहे" असं कौतुकानं सांगतो. बस्तीत जाताना पट्टा काढून, पाकीट बाहेर ठेवून आत जाणारी आपली माणसं. गाडी आली की हाच भाचा ती बस्तीसमोर उभी करून हळदकुंकू वाहणार, नारळ फोडणार. आत बघितलं तर चहूबाजूंनी चामडं.

"मिळतंच तसं, आत्या. स्पोर्ट्स कारला पर्याय नसतो."

हेही खोटं. त्याच कंपनीची टायकान 2019 साली आली ती पूर्ण चामडेरहित घेण्याच्या सोयीसह. तीही त्याच त्सुफेनहाउझनला बनते. म्हणजे कारागीर आहेत, कापड आहे, कळतंही आहे. रेस-टेक्स नावाचं त्यांचं पॉलिस्टर तंतूंचं कापड आहे, स्पर्श मऊ, घामट हाताला चाक न सटकणारं, शर्यतीच्या गाड्यांच्या चाकावरही तेच. "मग टायकान घे की," मी म्हटलं. तर त्याला इंजिनाचा आवाज हवा.

हे मी इतकं का लावून धरलंय, ते सांगते. वहिनींचा, म्हणजे त्याच्या आईचा, चामड्याचा त्याग आहे. महाराजांसमोर नियम घेतला त्याला बरीच वर्षं झाली. त्या 71 वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. भाच्याला वाटतं, पहिली फेरी आईला मारायची. कार्बनच्या बकेट सीटा घ्यायला निघाला होता, ज्यांची पाठ मागं कलत नाही आणि ज्यांच्यात मला उतरवायलाही दोन माणसं लागतील. त्या आम्ही खोडल्या, 18 प्रकारे हलणाऱ्या सीटा घेतल्या. पण सीट कितीही हलली आणि ती चामड्याची असली तर वहिनी बसणार नाहीत. बरं, त्या तसं सांगणारही नाहीत. "गुडघा दुखतोय रे, तू जाऊन ये," म्हणतील आणि दारातून हात हलवतील. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखते. लेकरानं आयुष्यातली सगळ्यात महाग वस्तू आणायची आणि आईनं दारात उभं राहायचं, हे कुठल्या दरात बसतं?

माझ्या जाऊबाई तिथंच होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आणि तुमच्या पैठण्या? रेशीम झाडाला लागतं का?"

बरोबर आहे. कपाटात चार आहेत. दोन लग्नातल्या, एक मुलीच्या लग्नातली, एक मी स्वतः हौसेनं घेतलेली, आणि ती घेताना मला रेशमाचा किडा आठवला नव्हता. आमच्या जुन्या गाडीच्या स्टिअरिंगचं कव्हर चामड्याचं होतं, हेही मला सहा वर्षांनी कळलं, गाडी विकताना. म्हणून मी काही त्यागमूर्ती होऊन बोलत नाही. पण मी चुकले म्हणून भाच्यानं फ्यूजच्या झाकणाला चामडं लावावं, हा न्याय मला समजत नाही. परिग्रहाचं परिमाण ठरवायचं असतं ते असंच, एकेका ओळीसमोर बसून. गाडी मोठी म्हणून तिच्यातल्या प्रत्येक बारीक वस्तूला सूट मिळत नाही.

शेवटी आम्ही एक पत्र केलं. शोरूममधल्या मुलाला भाच्यानं लेखी विचारलंय, की या मॉडेलमध्ये कुठल्या कुठल्या पृष्ठभागावर खरं चामडं येतं, सीट, दारं, चाक, गिअरचा दांडा, हातटेकण, एकेक सांगा, आणि त्यातलं प्रत्येक कशानं बदलता येतं तेही लिहा. "लेदर इंटिरियर" एवढ्या दोन शब्दांवर सही करू नका, हे मी तुम्हालाही सांगते. काही ठिकाणी नुसतं चामड्यासारखं दिसणारं रेक्झिन असतं, काही ठिकाणी खरं, आणि विचारल्याशिवाय कळत नाही. मुलगा भला आहे. असं याआधी कुणी विचारलं नव्हतं म्हणाला, जर्मनीहून मागवून घेतो म्हणाला. कारखान्यात यादी बंद होईपर्यंत बदल करता येतो, तोवर आमच्याकडे तीन आठवडे आहेत.

चाकाला रेस-टेक्स लिहून झालंय. दोऱ्याचा रंग, पट्ट्याचा रंग, सनव्हायझर, किल्लीची पिशवी, सगळं खोडलंय. पिवळ्या ब्रेकवर भाच्यानं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. मी ते खोडरबरानं पुसलं. रात्री बघते तर परत होतं. सीटांची ओळ कोरी आहे. वहिनींना अजून काही सांगितलेलं नाही.