उजेड कोणाचा, हे कोण तपासणार?

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत अंडी पुरते आणि समुद्रात निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. त्यांना वाट दाखवायला आई नसते. अंधारात पाण्यावरचे क्षितिज अधिक उजळ दिसते आणि उजेडाकडे जायचे, एवढे पिल्लांना उपजतच कळते. पण किनाऱ्यावर विजेचे दिवे असले की तीच पिल्ले उलट जमिनीकडे वळतात आणि भरकटून मरतात. यात त्यांचा दोष नाही. उजेड कोणाचा, हे तपासण्याची शक्ती निसर्गाने त्यांना दिलेली नाही.

आपल्याला ती आहे. आपण ती वापरतो का, हा प्रश्न आहे.

वाघ पोट भरल्यावर शिकार करीत नाही, माणसाने त्याच्यापासून शिकावे, असा उपदेश आपण नेहमी ऐकतो. परंतु वाघाने संयमाचे व्रत घेतलेले नसते, त्याची भूक भागलेली असते, इतकेच. बिबट्या शेळ्यांच्या गोठ्यात शिरला तर खाण्यापेक्षा कितीतरी जास्त शेळ्या मारून टाकतो. तो क्रूर नाही आणि वाघ साधू नाही. दोघेही उपजत प्रेरणेने वागतात. भूक असतानाही चोरी न करणे, राग आला असतानाही हात आवरणे, हे शील फक्त माणूस पाळू शकतो. म्हणूनच धम्माने कृतीमागच्या चेतनेला, हेतूला एवढे महत्त्व दिले.

जातीचे समर्थक म्हणतात, उच्चनीचता रक्तातच असते. हे धादांत खोटे आहे. कोणतेही मूल जात घेऊन जन्मत नाही, ती त्याला घरात शिकवली जाते. शिकवलेले पिढ्यान्‌पिढ्या न तपासता पाळले, की ते उपजत वाटू लागते.

महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, आपल्या माणसांना मात्र बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर आपले पूर्वज तिथे गेले, ते तहान लागली म्हणून नव्हे. तहानेने तर जनावरही पाण्यावर जाते. ते समतेचा हक्क बजावण्यासाठी गेले. पुढे १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा. मधली २१ वर्षे बाबासाहेबांनी अभ्यासात आणि विचारात घालवली. रागाच्या भरात घेतलेला तो निर्णय नव्हता.

आणि आपण? बावीस प्रतिज्ञा म्हणतो आणि मुलीच्या लग्नासाठी गुपचूप मुहूर्त विचारतो. मुलाला स्थळ पाहताना पोटजात चाळतो. निवडणुकीत कोणीतरी निळा झेंडा दाखवला की त्याच्यामागे धावतो, झेंडा कोणाच्या हातात आहे ते पाहत नाही. किनाऱ्यावरच्या दिव्याकडे वळणाऱ्या पिल्लांत आणि आपल्यात मग फरक तो काय राहिला?

फरक आहे. पिल्लाला थांबून विचार करता येत नाही, आपल्याला येतो. पुढच्या वेळी पाऊल उचलण्यापूर्वी आपण स्वतःला एवढेच विचारू या: हे मी निवडले आहे, की नुसती सवय आहे?