खो-खो, कोडिंग आणि दाराबाहेरच्या चपला

सातारा-सांगलीकडच्या शाळांत 'कॉम्प्युटर शिकवतात' असं कुणी म्हटलं की माझं डोकं सरकतं. (हो, मी तिकडचाच. तासगाव तालुका. सध्या मुक्काम पोस्ट हिंजवडी.) बऱ्याच ठिकाणी शिकवतात काय, तर सीपीयू म्हणजे मेंदू, इनपुट डिव्हाइसची चार नावं, आणि वर्डमध्ये स्वतःचं नाव बोल्ड करणं. आमच्या शाळेत लॅबच्या दाराशी चपला काढायच्या आणि आत हाताची घडी! एका मशीनला सहा जण. माउस सरांकडे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 'कमवा आणि शिका' म्हणत पोरांच्या हाताला काम दिलं. त्याच मुलखात शंभर वर्षांनी 'हात लावू नको, बिघडेल'?

पैसा नव्हता असंही नाही. केंद्राची 'आयसीटी ॲट स्कूल' योजना २००४ ची. आपल्याकडे ती 'बूट' पद्धतीने आली, म्हणजे कंपनीने लॅब उभारायची, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या गळ्यात घालायची. करार संपला की शिकवणाराही गेला! पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलं. छान. पण शिकवणार काय? कोडिंगची व्याख्या आणि फायदे-तोटे?

माझं म्हणणं सरळ आहे. सहावी-सातवीच्या पोरांना गेम बनवायला लावा. आणि पहिला गेम खो-खो.

हसू नका. नियम आठवा. आठ जण चौकोनांत बसलेले, तोंडं आलटून पालटून. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. 'खो' मिळाल्याशिवाय बसलेला उठत नाही. अहो, हा प्रोग्रामच आहे! एमआयटीने २००७ मध्ये आणलेल्या स्क्रॅचमध्ये (फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं) एक पात्र मेसेज सोडतं, दुसऱ्याला तो मिळाला की ते कामाला लागतं. 'खो' म्हणजे दुसरं काय? इंजिनिअरिंगच्या पोरांना हे समजावताना मास्तरांना घाम फुटतो. मैदानावरच्या सातवीतल्या पोरीच्या ते पायात आहे.

खरी मजा पुढेच. २०२२ मध्ये बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग झाली, तिथे 'वजीर' आणला, त्याला कुठल्याही दिशेला पळायची मुभा. एक नियम बदलला आणि अख्ख्या खेळाचं गणित बदललं. पोरांना विचारा, दोन वजीर दिले तर? पळणारे किती टिकतील? करून बघा, कंटाळवाणं झालं तर नियम पुन्हा बदला. गेम डिझाइन म्हणतात ते हेच. आणि सुरुवात खडूने जमिनीवर होते, लाइट नसली तरी.

'आधीच पोरं मोबाईलवर गेम खेळून वाया चाललीत, आता शाळेतही?' हे ठरलेलं वाक्य. ऊस चघळणं आणि ऊस लावणं यातला फरक निदान आपल्या भागात तरी सांगावा लागू नये!

एमएस-सीआयटीवर माझा राग नाही, सरकारी नोकरीला ती लागते. पण सर्टिफिकेट म्हणजे कॉम्प्युटर येणं, हे डोक्यात बसलंय त्याची किंमत पोरं मोजतात. फर्स्ट इयरला 'सी'च्या तासाला आमची मराठी माध्यमाची बाकं गप्प असायची. पुण्याच्या पोरांनी शाळेतच चार प्रोग्राम लिहिलेले, आमच्याकडे नुसत्या व्याख्या. हुशारीत कुणी कमी नव्हतं. त्यातला एक, गणितात माझ्यापेक्षा सरस, पहिल्या वर्षी विषय राहिले तेव्हा 'हे आपलं काम नव्हे' म्हणून गावी गेला तो परत आलाच नाही.

आता राहिला प्रश्न, शिकवणार कोण? पीटीचे सर! नियमावली त्यांना तोंडपाठ असते. शेजारी गणिताच्या मॅडम बसवा, आणि पोरांच्या आधी दोन शनिवार या दोघांना माउस द्या. लॅबची किल्ली मात्र हेडमास्तरांच्या कपाटातून आधी बाहेर काढा.