दोष सुनेचा नव्हे

बाळाच्या हृदयाला जन्मतः भोक आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की पहिला प्रश्न सुनेला : ग्रहणात बाहेर गेली होतीस का? १९३५ साली येवल्याची घोषणा ज्या नाशिक जिल्ह्यात झाली, तिथल्या आपल्याही काही घरांत हे ऐकू येते. कुणी गुपचूप त्र्यंबकेश्वरला शांतही करून येतात. आम्हाला याची लाज वाटते.

अनेक हृदयदोषांचे कारण आजही सापडत नाही. पण एक कारण १९४१ पासून माहीत आहे. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी ते दाखवले : गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला झालेला रुबेला. आईला थोडा ताप, अंगावर पुरळ, एवढेच. पण पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे हृदय घडत असते आणि विषाणू वारेतून तिथवर पोहोचतो. आईच्या रक्तात आधीच प्रतिपिंडे असतील, तर तो सहसा वाटेतच अडतो. ही प्रतिपिंडे लसीने तयार होतात.

नोव्हेंबर २०१८ पासूनच्या मोहिमेत महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस दिली गेली. तेव्हा सुटलेल्या कित्येक मुली आता लग्नाच्या वयात आहेत. आपल्या परिचय मेळाव्यांतील बायोडाटात उंची, पगार, अगदी रंगही असतो. लसीचे कुणी विचारत नाही. गरोदरपणात ही लस देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. म्हणून डॉक्टरांना विचारून ती लग्नाआधीच घ्यावी. महिला मंडळांनी पुढच्या मेळाव्यापासूनच हे विचारायला सुरुवात करावी.